विश्लेषण : मालवाहू गाडीवर नाव टाकताय? काय लिहावे आणि काय झाकू नये?

‘हॉर्न ओके प्लीज’वरील बंदी, मराठीतील सामाजिक संदेशांची सक्ती आणि उच्च सुरक्षा नोंदणी पाटी यांमुळे गाडीवरील अक्षरे पुन्हा पुन्हा चर्चेत येतात. मात्र रात्रीच्या रस्त्यावर जीव वाचवणाऱ्या लाल पट्टीकडे दुर्लक्ष होते.

सोयाबीनचा हंगाम तोंडावर आला की वाशिम जिल्ह्यातील रस्त्यांवर मालवाहू गाड्यांची वर्दळ वाढते. रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा आणि वाशिम या सहाही तालुक्यांतील माल बाजार समित्यांकडे निघतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पिकअप, ‘छोटा हत्ती’ आणि दहा चाकी ट्रक एकाच रस्त्यावरून धावतात. एमएच-३७ क्रमांकाची नवी गाडी दारात आली, की पूजा होते, लिंबू-मिरची बांधली जाते आणि त्यानंतर गाडी थेट पेंटरकडे किंवा रेडियमवाल्याकडे जाते. दुकानाचे नाव, मोबाइल क्रमांक, कुलदैवत, आई-वडिलांचा आशीर्वाद आणि मुलांची नावे असे सगळे त्या दोन-तीन फुटांच्या फाळक्यावर बसवायचे असते. ही केवळ हौस नाही. कृषी सेवा केंद्र, हार्डवेअर, मंडप-डेकोरेशन किंवा पाण्याचे जार पोहोचवणारा व्यावसायिक यांच्यासाठी गाडी म्हणजे गावोगाव फिरणारी दुकानाची पाटी असते. पण या पाटीला नियम आहेत. ते मोडल्यास दंड होतो. काही वेळा त्याची किंमत मागून येणाऱ्या माणसाला मोजावी लागते.

गाडीवर काय लिहिणे बंधनकारक आहे?

सर्वांत आधी येतो नोंदणी क्रमांक. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५० आणि ५१ मध्ये त्याची जागा, मांडणी आणि अक्षरांचे माप ठरवून दिले आहे. परिवहन संवर्गातील वाहनाला, म्हणजे बोली भाषेत ‘कमर्शियल पासिंग’च्या गाडीला, पिवळ्या पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांची पाटी लागते. इंधनावरील चारचाकी मालवाहू गाडीसाठी अक्षरांची उंची ६५ मिलिमीटर आहे. अशा वाहनांचा क्रमांक केवळ पुढे आणि मागे असून चालत नाही. तो हौद्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूसही असावा लागतो. ट्रकच्या बाजूला क्रमांक रंगवलेला दिसतो, त्यामागे हा नियम आहे.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे एचएसआरपी, कारखान्यातून किंवा विक्रेत्याकडूनच बसवून मिळते. त्याआधी नोंदणी झालेल्या वाहनांनाही ती बसवणे राज्यात बंधनकारक आहे. त्यामुळे पाटीवर ‘दादा’, ‘मामा’ असे वाचता येतील अशा पद्धतीने आकडे वळवणे, पाटीच्या कडेला चिन्ह चिकटवणे किंवा क्रमांक देवनागरी आकड्यांत लिहिणे नियमात बसत नाही. नोंदणी क्रमांकासाठी रोमन अक्षरे आणि देशभर एकसारखे आकडे ठरलेले आहेत. मराठीचा आग्रह धरण्यासाठी बाकी सगळी गाडी मोकळी आहे. पाटीचा क्रमांक मात्र कन्याकुमारीच्या पोलिसालाही वाचता आला पाहिजे.

राष्ट्रीय परवाना असलेल्या मालवाहू वाहनाच्या पुढे आणि मागे ‘नॅशनल परमिट’ हे शब्द ठळक अक्षरांत असावे लागतात. ट्रकच्या दारावर रिकाम्या गाडीचे वजन, मालासह नोंदणीकृत वजन आणि मालकाचा तपशील लिहिलेला दिसतो. हा मजकूर तपासणीच्या वेळी उपयोगी पडतो. धोकादायक रसायने किंवा ज्वलनशील द्रव्ये नेणाऱ्या टँकरसाठी नियम आणखी काटेकोर आहेत. पदार्थाचे नेमके नाव किमान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत आणि संयुक्त राष्ट्रांचा वर्ग क्रमांक किमान १०० मिलिमीटर उंचीच्या आकड्यांत लिहावा लागतो. त्याच्या जोडीला किमान २५० मिलिमीटर चौरसाचे धोकाचिन्ह आणि आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक असतो. टँकर उलटला तर अग्निशमन दलाने पाणी मारायचे की फेस, हे या फलकावरून ठरते.

तीन हजार किलोपर्यंत एकूण वजनाच्या छोट्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्यानुसार परवाना लागत नाही. यावरून ‘आपल्या गाडीला नियम नाहीत’ असा अनेकांचा समज होतो. तो चुकीचा आहे. परवाना नसला तरी पिवळी पाटी, योग्यता प्रमाणपत्र, विमा, पीयूसी आणि परावर्तक या गोष्टी त्या गाडीलाही लागतात.

‘हॉर्न ओके प्लीज’वर बंदी का आली?

३० एप्रिल २०१५ रोजी तत्कालीन परिवहन आयुक्त महेश झगडे यांनी परिपत्रक काढून व्यावसायिक वाहनांवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास राज्यात बंदी घातली. या शब्दांमुळे मागच्या चालकाला विनाकारण हॉर्न वाजवण्याचे जणू निमंत्रणच मिळते आणि ध्वनिप्रदूषण वाढते, असे त्यामागचे कारण होते. महाराष्ट्र मोटार वाहन नियमांनुसार परिवहन वाहनांवर जाहिरात, चित्र किंवा मजकूर झळकवण्यावर परिवहन प्राधिकरणाचे नियंत्रण असते. त्याच अधिकाराचा आधार या परिपत्रकाला होता.

या तीन शब्दांच्या उगमाच्या अनेक दंतकथा आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ट्रक रॉकेलवर चालत आणि पेटण्याची भीती असे, म्हणून ‘ऑन केरोसीन’चे ‘ओके’ झाले, अशी एक कथा आहे. टाटांच्या ‘ओके’ साबणाची ती जाहिरात होती, अशी दुसरी. उगम काहीही असो, त्यामागची गरज खरी होती. रस्ते एकपदरी होते आणि अनेक ट्रकना धड आरसे नव्हते. मागच्याने हॉर्न दिल्याशिवाय पुढच्याला तो कळत नसे. आता आरसे आले, रस्ते रुंदावले, पण शब्द तसेच राहिले. परिपत्रकाला दहा वर्षे उलटून गेल्यावरही अकोला-वाशिम-हिंगोली मार्गावर ते शब्द मिरवणारे ट्रक दिसतात. त्यातले अनेक परराज्यांत नोंदणी झालेले असतात. पेंटरच्या हाताला लागलेले वळण परिपत्रकाने लगेच बदलत नाही.

मराठीची सक्ती नेमकी कशासाठी?

राज्यात नोंदणी झालेल्या व्यावसायिक वाहनांवरील सामाजिक संदेश मराठीत असावेत, असे निर्देश परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये दिले. त्यासाठी ३० मार्च २०२५ चा गुढीपाडवा हा मुहूर्त ठरला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यानंतर आलेला हा निर्णय होता. मुलींच्या शिक्षणाचा संदेश हिंदीऐवजी मराठीतून द्यावा, असा त्याचा साधा अर्थ.

या निर्देशाचा रोख सामाजिक संदेशांवर होता. स्वतःच्या दुकानाचे नाव कसे लिहावे, हा व्यावसायिकाच्या हिशेबाचा भाग आहे. तो हिशेबही मराठीच्याच बाजूने जातो. मानोऱ्याच्या एखाद्या तांड्यावर किंवा रिसोडच्या खेड्यात बियाणे, पाइप, सिमेंट पोहोचवणाऱ्या गाडीवरील नाव तिथल्या माणसाला एका नजरेत वाचता आले पाहिजे. ‘अ‍ॅग्रो सोल्युशन्स’पेक्षा ‘बियाणे, खते, फवारणी पंप’ हे शब्द त्याला लवकर कळतात. पोहरादेवीच्या वाटेवरील गाड्यांवर ‘जय सेवालाल’, शेगावच्या भक्ताच्या पिकअपवर ‘गण गण गणात बोते’ आणि आणखी कुठे ‘जय भीम’ दिसते. या श्रद्धेच्या अक्षरांनी गाडीमालकाची ओळखही सांगितली जाते. त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न उरतो तो त्यांच्या जागेचा.

धावत्या गाडीवरचे किती वाचता येते?

हे गणित फलक बनवणाऱ्यांना ठाऊक असते, पण गाडीमालक ते क्वचितच विचारतो. अक्षर सहज वाचता यावे यासाठी साधारण दर दहा फूट अंतराला एक इंच उंची, असा ढोबळ नियम फलकांसाठी वापरला जातो. म्हणजे तीन इंचांचा मोबाइल क्रमांक तीस फुटांवरून आरामात वाचता येईल. त्याहून लांबून डोळ्यांना ताण द्यावा लागतो.

आता वेग पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोरून येणारी गाडीही त्याच वेगाची असेल, तर दोन्हींमधील १०० मीटरचे अंतर तीन सेकंदांत संपते. तेवढ्या वेळात चार-पाच शब्दच वाचून होतात. त्यामुळे केबिनच्या वर पुढच्या बाजूला फक्त नाव हवे. दार आणि हौद्याच्या बाजूला व्यवसाय व गाव, तर मागे क्रमांक हवा. कारण मागचा चालक गाडीबरोबर त्याच दिशेने चालतो आणि त्यालाच वाचायला सर्वांत जास्त वेळ मिळतो.

देवनागरीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. रोमन मोठी अक्षरे दिलेल्या पट्टीची पूर्ण उंची वापरतात. देवनागरीत वर मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय येतात. त्यांना जागा सोडली, की फूटभर पट्टीत मूळ अक्षराला सात-आठ इंचच उरतात. म्हणून मराठी मजकुराला पट्टी मोठी घ्यावी किंवा शब्द कमी करावेत. सावलीची दुहेरी अक्षरे, सोनेरी कडा आणि वळणदार शिरोरेखा जवळून देखण्या दिसतात, पण लांबून त्यांचा गोळा होतो. नक्षीदार लिपीत १ आणि ९ यांची गल्लत होते. फोन क्रमांकातला एक आकडा चुकला, तर सगळी जाहिरात वाया जाते. गडद निळ्यावर पांढरे किंवा पिवळ्यावर काळे अशी ठळक जोडी धुळीतही वाचता येते. लाल रंगावर निळी अक्षरे मात्र संध्याकाळी दिसेनाशी होतात.

‘रेडियम’ म्हणजे नेमके काय?

पूर्वी इनॅमल रंग आणि ब्रश घेतलेला पेंटर हौद्यावर दिवसभर काम करीत असे. आता संगणकावर अक्षरे जुळवून प्लॉटरवर चिकटपट्टी कापली जाते आणि तासाभरात गाडी तयार होते. गावोगावच्या दुकानांवर ‘रेडियम आर्ट’ असे लिहिलेले असते. या पट्टीचा किरणोत्सारी रेडियम धातूशी काही संबंध नाही. अंधारात चमकते म्हणून हे नाव रूढ झाले, इतकेच.

गोंधळ इथेच होतो. या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक साधी रंगीत विनाइल पट्टी. ती दिवसा छान दिसते, पण रात्री हेडलाइट पडला तरी विशेष चमकत नाही. दुसरी परावर्तक पट्टी. तिच्यात काचेचे सूक्ष्म मणी किंवा प्लास्टिकचे बारीक लोलक असतात. ते प्रकाश इकडे-तिकडे न विखुरता जिथून आला तिथेच परत पाठवतात. म्हणून मागच्या चालकाला स्वतःच्याच हेडलाइटच्या उजेडात ती पट्टी झगमगताना दिसते. मालवाहू वाहनांसाठीच्या पट्टीला एआयएस-०९० हे मानक आहे. प्रचलित रचना पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल अशी असते. रंगावरून चालकाला कळते, की आपल्याला गाडीची कोणती बाजू दिसते आहे. त्यामुळे मागच्या बाजूला हौसेने पांढऱ्या परावर्तक पट्टीची नक्षी काढली, तर मागच्याला गाडी समोरून येत असल्याचा भास होऊ शकतो.

काय झाकले तर जीव जातो?

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. अपघातांच्या प्रकारांत मागून धडक हा सर्वांत मोठा प्रकार आहे. एकूण अपघातांत त्याचा वाटा सुमारे एक पंचमांश आहे. उभ्या किंवा हळू चालणाऱ्या अवजड वाहनावर मागून आदळणे हा त्यातला विशेष जीवघेणा भाग. समृद्धी महामार्ग वाशिम जिल्ह्यातील मालेगाव, मंगरुळपीर आणि कारंजा तालुक्यांतून जातो. तिथे वेग जास्त, म्हणून धोका मोठा. गावांना जोडणाऱ्या रस्त्यांवर वेग कमी असला, तरी अंधारात विनादिव्याच्या ट्रॉल्या चालत असतात.

आकडे पाहिले की प्रकरण स्पष्ट होते. ताशी ८० किलोमीटर वेगातील मोटार सेकंदाला २२ मीटर जाते. अडथळा दिसल्यावर ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर ३३ मीटर तिथेच संपतात. कोरड्या चांगल्या रस्त्यावर पूर्ण थांबायला आणखी सुमारे ३५ मीटर लागतात. म्हणजे एकूण ६८ मीटर झाले. डिपर लावलेल्या हेडलाइटमध्ये काळी, मातीने माखलेली ट्रॉली ४०-५० मीटरवर दिसते. दोन्हींचा मेळ बसतच नाही. परावर्तक पट्टी दोनशे मीटरच्या पुढूनही चमकते, आणि तेवढ्या अंतरात चालकाला थांबायला पुरेसा वाव मिळतो. केंद्रीय नियमांनुसार ट्रेलरसह प्रत्येक मोठ्या वाहनाला मागे दोन्ही कडांना लाल परावर्तक हवेत, ते याचसाठी.

प्रत्यक्षात घडते ते असे. फाळक्यावर मोठे नाव हवे असते. जागा कमी पडते आणि नावाची शेवटची दोन अक्षरे लाल पट्टीवर चढतात. कुलदैवताचे चित्र टेललॅम्पच्या काचेपर्यंत येते. हौद्याबाहेर लोंबणारी ताडपत्री परावर्तक झाकते. उरलेले काम काळी माती करते. दर्शनी काचेवरही हाच प्रकार दिसतो. पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जावा, असा नियम आहे. पण वरून रुंद पट्टी, मधोमध नाव आणि खाली झालर आल्यावर चालकाला सिग्नल आणि पादचारी यांच्यासाठी फटच उरते.

संपूर्ण गाडीच चिकटपट्टीने मढवायची असेल, तर आणखी एक अडचण आहे. वाहनाचा रंग ही नोंदणी प्रमाणपत्रावरील नोंद आहे. पांढरी गाडी दुकानाच्या रंगात हिरवी केली, तर उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात जाऊन ती नोंद बदलून घ्यावी लागते. अन्यथा कागद एक आणि गाडी दुसरी, अशी स्थिती होते. अपघात किंवा चोरीनंतरच्या विमा दाव्यात हाच फरक त्रासदायक ठरू शकतो.

पेंटरकडे जाण्यापूर्वी काय ठरवावे?

• आधी न झाकायच्या जागा खडूने आखून घ्याव्यात. त्यात चारही बाजूंचे क्रमांक, दिवे, इंडिकेटर, परावर्तक आणि पट्ट्या येतात.

• उरलेल्या जागेत नाव, व्यवसाय, गाव आणि एकच फोन क्रमांक बसवावा. तीन क्रमांक दिले, तर एकही लक्षात राहत नाही.

• मजकूर कागदावर लिहून दुसऱ्याकडून तपासून घ्यावा. ऱ्हस्व-दीर्घाची चूक गाडीबरोबर वर्षानुवर्षे फिरते.

• काम झाल्यावर रात्री गाडी उभी करावी आणि शंभर पावलांवरून दुचाकीचा हेडलाइट टाकून पाहावा. नाव दिसले नाही तरी चालेल, लाल पट्टी दिसलीच पाहिजे.

• हंगामात रोज ट्रॉली सुटण्यापूर्वी मागचे परावर्तक फडक्याने पुसावेत.

दंड किती आणि जबाबदारी कोणाची?

ज्या उल्लंघनासाठी वेगळी शिक्षा सांगितलेली नाही, त्यासाठी मोटार वाहन कायद्याचे कलम १७७ लागू होते. २०१९ च्या सुधारणेनंतर त्यातील दंड पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी १५०० रुपयांपर्यंत आहे. एवढी रक्कम अनेक मालक हंगामाच्या खर्चातच धरून चालतात. म्हणून केवळ दंडाच्या भीतीने चित्र बदलेल असे नाही.

परिवहन यंत्रणेनेही आपल्या बाजूने दोन पावले टाकायला हवीत. आजवरच्या परिपत्रकांचा भर शब्दांवर राहिला आहे. कोणता शब्द नको आणि कोणती भाषा हवी, हे त्यांनी सांगितले. योग्यता तपासणीच्या वेळी तेवढ्याच काटेकोरपणे मागची पट्टी खरी परावर्तक आहे की साधी विनाइल, ती झाकली आहे का आणि ट्रॉलीला परावर्तक आहेत का, हे पाहिले पाहिजे. पेंटर आणि रेडियमवाले या साखळीतील सर्वांत महत्त्वाचे लोक आहेत. प्रत्येक नवी गाडी त्यांच्या हाताखालून जाते. त्यांना मराठीत, चित्रासह, एका पानावर ‘इथे लिहा, इथे लिहू नका’ असे मार्गदर्शन मिळाले, तर शंभर परिपत्रकांचे काम होईल. हंगामाच्या सुरुवातीला बाजार समितीच्या फाटकावरच ट्रॉल्यांना लाल पट्टी लावून द्यावी. तिथे सर्व ट्रॉल्या रांगेत उभ्याच असतात.

गाडीवर आपले नाव पाहण्याचा आनंद मोठा असतो. कर्ज काढून, हप्ते फेडत घेतलेली ती पहिली मालमत्ता असते. नाव जरूर मोठे असावे, मराठीत असावे, देखणे असावे. मात्र ते लिहिताना मागे बोटभर लाल पट्टी मोकळी सोडली पाहिजे. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवरच्या माणसाला दुकानाचे नाव वाचायचे नसते. पुढे गाडी आहे, एवढेच त्याला वेळेत कळायला हवे असते.